हौदातलं एक्कावन्न

ज्या कंपनीत मी पावणेतीन वर्षं नोकरी केली, ती लोकांना अदृश्य करण्याचं काम करायची. निदान तिच्या संस्थापकांचं तसं म्हणणं होतं. एचएसआर लेआउटमधल्या एका इमारतीचा तिसरा मजला आमचा. बाहेरच्या भिंती काचेच्या, मीटिंगच्या खोल्या काचेच्या. संस्थापक ज्या खोलीत बसून गुप्ततेवर बोलायचे, ती तर खालच्या शहाळेवाल्यालाही आरपार दिसायची.

मी मूळची बेळगावची. पंचविसेक वर्षं बेंगळुरूत माहितीपत्रकं लिहीत आले, आधी पंपांची, मग सॉफ्टवेअरची. पंपाच्या माहितीपत्रकात 'स्वातंत्र्य' हा शब्द मला कधी लिहावा लागला नव्हता. इथे तो पहिल्याच परिच्छेदात घालावा लागला.

क्रिप्टोबद्दल बहुतेकांची समजूत असते की तिथे सगळं गुपचूप चालतं. खरं तर उलट आहे. नाव दिसत नाही एवढंच. प्रत्येकाच्या वॉलेटला अक्षरं आणि आकड्यांचा एक लांबलचक पत्ता असतो, आणि कुठल्या पत्त्यावरून कुठल्या पत्त्यावर किती गेले, केव्हा गेले, हे जगातल्या कुणालाही बसल्या जागी वाचता येतं. एखाद्या पत्त्यामागे कोण आहे हे एकदा कळलं की त्याचं मागचं-पुढचं सगळं उघडं पडतं, आणि नोंदींच्या या साखळीतलं काहीही कधीच पुसता येत नाही. एवढी पक्की स्मरणशक्ती मी फक्त माझ्या एका नणंदेत पाहिली होती.

यावर आमच्या कंपनीचा उपाय होता तो एका सामायिक हौदाचा. डॉलरच्या भावाशी बांधलेली नाणी सगळ्यांनी त्यात ओतायची, कुणी पन्नास, कुणी शंभर. मग प्रत्येकाने तेवढीच नाणी एका कोऱ्या पत्त्यावर बाहेर काढायची. आत जाणारे सगळे पन्नास सारखे, बाहेर येणारेही सारखे, त्यामुळे कुणाचे कुठले ते सांगता येत नाही. कल्पना साधी होती आणि मला ती आवडली होती.

याच कंपनीने आपल्या वेबसाइटवर स्वतःच्या तिजोरीचा पत्ता मात्र मोठ्या अक्षरांत छापला होता. पगाराचा काही हिस्सा नाण्यांत मिळायचा, तोही त्याच तिजोरीतून सर्वांसमक्ष निघायचा. "आम्हाला लपवण्यासारखं काही नाही," असं संस्थापक एका मीटिंगमध्ये म्हणाले. मी विचारलं, "म्हणजे लपवण्यासारखं फक्त गिऱ्हाइकांकडे असतं?" सगळे हसले आणि पुढची स्लाइड आली.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक मुलगी बसायची. मुलगी म्हणजे तिशीची बाई, नागपूरची, कोरमंगलात पीजीमध्ये राहणारी. सॉफ्टवेअर बाहेर पडण्याआधी त्यातल्या चुका शोधणं हे तिचं काम. चारचौघांत ती मला नावाने हाक मारायची, कारण तिथे संस्थापकांनाही सगळे नावानेच हाक मारत. दोघीच असलो की काकू. कंपनीच्या फोटोच्या दिवशी तिला हटकून ताप यायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर तिच्या चेहऱ्याच्या जागी तर्री-पोह्यांची बशी होती.

तिचं कारण तिने मला सहा महिन्यांनी सांगितलं. ती नवऱ्याच्या घरातून निघून आली होती.

"मारायचा?" मी विचारलं.

"नाही न काकू. मारलं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं. तो लिहून ठेवायचा."

स्कूटरचे किलोमीटर तो रोज संध्याकाळी काटा बघून लिहायचा. ती आंघोळीला किती वेळ लावते, आईशी किती मिनिटं बोलते, भाजीवाल्याशी हसून बोलली का, हे सगळं निळ्या शाईत, सुंदर अक्षरात. ती निघून गेल्यावर त्याने आरडाओरडा केला नाही. तिच्या आईला एवढंच म्हणाला, "ती जिथे असेल तिथे सुखात राहू दे. फक्त कुठे आहे ते मला कळू दे."

आई नागपुरात एकटी. तिचा फोन जावयानेच घेऊन दिलेला, बँकेचं अ‍ॅपही त्यानेच टाकलेलं. दर रविवारी तो येऊन फोन 'अपडेट' करून द्यायचा. आईला नाही म्हणता यायचं नाही. बँकेतून पैसे पाठवले असते तर मुलगी कुठल्या गावात आहे हे रविवारी दुपारपर्यंत त्याला कळलं असतं. म्हणून ती आमच्या हौदातून पाठवायची. मामेबहीण घरबसल्या रांगोळीची डिझाइन्स परदेशी लोकांना विकायची आणि मोबदला क्रिप्टोत घ्यायची. ती नाणी मोडून रोख पैसे डब्याबरोबर आत्याच्या, म्हणजे हिच्या आईच्या, हातात ठेवायची. मधली सगळी वाट कोऱ्या पत्त्यांची. व्यवस्था चोख होती, चुका शोधणाऱ्या बाईने आखलेली.

मग एकदा संस्थापकांना हौद किती सुरक्षित आहे यावर एक पान हवं झालं. मी एका इंजिनिअरकडून महिन्याभरात हौदातून बाहेर पडलेल्या रकमांची यादी घेतली. ती तशीही जगजाहीर होती. मी ती कागदावर छापून मागितली तेव्हा त्याने माझ्याकडे पुराणवस्तू बघावी तसं बघितलं.

कागदावर पेन्सिल ठेवून मी खाली उतरत गेले. पन्नास, पन्नास, शंभर, पन्नास, शंभर, शंभर, पन्नास, एक्कावन्न.

तिथे पेन्सिल थांबली. परक्या शहरातल्या गर्दीत कुणी मागून घरच्या नावाने हाक मारावी तसं झालं. आमची गिऱ्हाइकं बहुतेक परदेशी. शून्यावर देऊ नये, वर एक ठेवावा, ही रीत त्यांच्यात कुठली? आपल्याकडे ती अर्ध्या देशात आहे, पण आपल्याकडचं या हौदात कोण असणार?

"हा आउटलायर आहे, एकटाच वेगळा पडलेला आकडा," इंजिनिअर म्हणाला. "ग्राफमधून काढून टाकू."

मी मागच्या महिन्यांच्या याद्या मागितल्या. एक्कावन्न, एकशे एक, पुन्हा एक्कावन्न. दसऱ्याच्या आठवड्यात एकशे एक्कावन्न. घरी जाऊन स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरशी तारखा ताडून पाहिल्या. अमावास्येला एकही नाही. जन्मभर पंचांगाची टिंगल केलेली मी, त्या संध्याकाळी पंचांगाने एका माणसाचा माग काढत होते.

बाहेर पडलेलं एक्कावन्न आत गेलेल्या एक्कावन्नाशी जुळवायला वेळ लागला नाही, कारण आत तरी दुसरं एक्कावन्न कुठे होतं? सगळ्यांनी सारखे कपडे घातलेल्या गर्दीत एकीच्या कपाळावर कुंकू. आत टाकणाऱ्या वॉलेटमध्ये दर महिन्याला पैसे येत होते ते आमच्याच तिजोरीतून. आम्ही सव्वीस माणसं. त्यातल्या एका सहकाऱ्याच्या लग्नाला सगळ्यांनी मिळून दिलेल्या पाकिटावर रुपयाचं नाणं कुणी चिकटवलं होतं, ते मला आठवत होतं.

मी तिला शोधायला निघाले नव्हते. मी फक्त वेळीच थांबले नाही. आणि ज्या चौकटीत तिने एक्कावन्न टाकलं, त्या चौकटीशेजारी 'किंवा तुमच्या पसंतीची रक्कम लिहा' हे वाक्य मीच लिहिलं होतं. ठरलेल्या रकमा एका गुंतवणूकदाराला जाचक वाटल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी तो कागद तिच्यासमोर ठेवला.

"अगं, एक्कावन्न का?"

"काकू, तुम्ही काय पाहून राहिल्या?" तिने विचारलं, आणि मग तिला पेन्सिलची खूण दिसली.

"तुझं काम चुका शोधण्याचं ना?"

"दुसऱ्यांच्या. पगार त्याचाच आहे." ती हसली, पण कागदावर ठेवलेलं बोट उचललं नाही. "आईला पन्नास कसे पाठवू? शून्यावर कोणी देते का? पन्नास पाठवले की असं वाटते, झालं, संपलं."

मग तिने कागद स्वतःकडे ओढला. म्हणाली, "त्याला माहीत आहे हे."

नवऱ्याच्या एका मित्राच्या लग्नात त्याने पाकिटात पाचशेची नोट घातली होती आणि तिने वर रुपया ठेवला होता. तो हसून म्हणाला होता, "ही खोड लिहून ठेवतो तुझी." मामेबहिणीच्या पत्त्याचा क्यूआर कोड तिच्या इन्स्टाग्रामवर होता, गिऱ्हाइकांसाठी. तिथे येणाऱ्या शे-दोनशे रकमांतून एका अंकाच्या वळणावरून बायको ओळखायला नवऱ्याला किती वेळ लागला असेल? मला, परक्या बाईला, एक दुपार आणि एक संध्याकाळ लागली होती.

तिने फोनवर आपलं पगाराचं वॉलेट उघडलं. त्यात बारीकसारीक रकमा येऊन पडल्या होत्या. अशी धूळ सगळ्यांच्याच वॉलेटवर पडते, जाहिराती असतात, म्हणून तिने कधी लक्ष दिलं नव्हतं. पण त्यातल्या तीन रकमांत शून्य आणि टिंबाच्या पुढे बरोबर सहा आकडे होते. पहिल्या दोन्ही सारख्याच, चारशे चाळीसने सुरू होणाऱ्या.

"हा आमच्या तिकडच्या घराचा पिनकोड आहे," ती म्हणाली.

तिसरी आठ दिवसांपूर्वीची, पाचशे साठने सुरू होणारी. टेबलावर ऑफिसच्या पत्त्यावर आलेलं कुरियरचं एक खोकं पडलं होतं. तिने त्यावरचं लेबल स्वतःकडे वळवलं, फोन शेजारी धरला आणि एकेक आकडा बोटाने लावून पाहिला. मला कळेपर्यंत तिने खोकं पुन्हा भिंतीकडे वळवून ठेवलं होतं.

पाठवणारा कोण हे शोधायचा आम्ही प्रयत्न केला. तिन्ही रकमा कोऱ्या पत्त्यांवरून आल्या होत्या, आणि ते पत्ते आमच्याच हौदातून निघाले होते. आत बरोबर पन्नास टाकलेले, ना एक कमी, ना एक जास्त. माझं माहितीपत्रक कुणीतरी अगदी मन लावून वाचलं होतं.

संस्थापकांनी आम्हाला काचेच्या खोलीत बसवून सगळं ऐकून घेतलं. मी त्यांना तिजोरीचा पत्ता वेबसाइटवरून उतरवायला सांगितलं.

"उतरवू, पण त्याने काय होणार?" ते म्हणाले. ते खरंच होतं, कारण जे साखळीत गेलं ते गेलं. मग जरा पुढे झुकून त्यांनी विचारलं, "पाठवणाऱ्याचा माग तुम्हाला अजिबात लागला नाही?"

"अजिबात नाही."

त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर जे उमटलं ते समाधान होतं. ते लपवण्याइतका सभ्यपणा त्यांच्यात होता, पण खोली काचेची होती आणि ऊन त्यांच्या तोंडावर होतं.

पोलीस ठाण्यात मी कन्नडमधून बोलले. समोर पन्नाशीच्या एक अधिकारी बाई होत्या, दमलेल्या पण चांगल्या.

"अक्का, स्वल्प सावकाश सांगा. किती पैसे गेले?"

"गेले नाहीत. आले."

"किती?"

"सगळे मिळून सव्वाशे रुपये असतील."

"कुणी पाठवले?"

"ते कळत नाही. आमच्या कंपनीमुळेच कळत नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "धमकी काय आहे?"

मी सहा आकडे दाखवले. त्यांनी ते वाचले, मग स्वतःच्या टेबलावरच्या शिक्क्याकडे पाहिलं. "हा तर आमचाही पिनकोड आहे," त्या म्हणाल्या. थट्टा म्हणून नाही, खरोखर गोंधळून. तरी त्यांनी तक्रार लिहून घेतली, नवऱ्याचं नाव घेतलं, आपला नंबर दिला. निघताना तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. तो दिसला तर लगेच फोन कर." ती मान हलवत होती. दिसणं हा त्याचा प्रश्नच नव्हता, हे त्यांना कन्नडमध्ये कसं सांगावं ते मला सुचलं नाही. मराठीतही सुचलं नसतं.

पुढच्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला आम्ही कोपऱ्यावरच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्याने खायच्या हॉटेलात, उभ्या होतो. एका कॉफीचे दोन ग्लास करून घेतले होते. तिचा फोन वाजला. वॉलेटमध्ये काही आलं की वाजेल अशी सोय तिने करून ठेवली होती.

पुन्हा पाचशे साठ, पण शेवटचे आकडे वेगळे. कोरमंगला. तिच्या पीजीचा भाग.

आम्ही दोघींनी एकदमच मान वर केली. स्टीलच्या उंच टेबलांभोवती चाळीसेक माणसं उभी होती. इडली खाणारी, उभ्या-उभ्या कॉफी पिणारी, गळ्यात कंपन्यांची ओळखपत्रं. सगळ्यांच्या माना खाली, सगळ्यांच्या हातात फोन, सगळ्यांचे अंगठे हलत होते. मी एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवली. कुणीही वर पाहिलं नाही. एखाद्याने पाहिलं असतं तर बरं वाटलं असतं.

"तो इथे नाही," ती म्हणाली.

"कशावरून?"

"असता तर मी पाहावं म्हणून थांबला असता." तिने कॉफी संपवली, ग्लास नळाखाली धुवायला ठेवतात तिथे नेऊन ठेवला. "पण पीजीचं त्याला कसं कळलं, काकू? हे तर साखळीत नाही."

ते मला आजही माहीत नाही. कुणी पाठलाग केला, कुणी बोललं, की त्याने नुसता अंदाज केला, काहीच सांगता येत नाही.

त्याच दुपारी ती गेली. सोबत एकच बॅग होती. माझ्याकडे राहा, महादेवपुऱ्यात खोली रिकामी आहे, असं मी तिला दोनदा सांगून पाहिलं. ती नको म्हणाली. लिफ्टपाशी मी विचारलं, "कुठे जातेस?"

"तुम्हाला नाही सांगत. राग मानू नका." लिफ्ट आली, तिने दारात पाय ठेवून ते अडवलं. "तुम्हाला शोधता येते, काकू. एका दिवसात शोधलं तुम्ही मला."

तिने पाय काढून घेतला आणि दार मिटलं.

वॉलेटमधले पैसे तिने तसेच सोडले. जवळजवळ दोन महिन्यांची बचत होती. ती हलवली असती तर कुठे गेली हे दिसलं असतं. मामेबहिणीने क्यूआर कोड काढून टाकला आणि दुकान बंद केलं. मी रोज सकाळी ऑफिसात गेले की आधी तो सोडून दिलेला पत्ता उघडायचे. पैसे जिथल्या तिथे होते.

धूळ मात्र पडत राहिली. ती गेल्यावर दहा दिवसांनी पुन्हा सहा आकडे आले. मी शोधून पाहिलं, तो हैदराबादचा पिनकोड होता. पुढच्या आठवड्यात पुण्याचा, मग म्हैसूरचा, मग पुण्याचाच पण दुसऱ्या भागाचा. आंधळी कोशिंबीर खेळताना डोळे बांधलेला गडी हात पसरून एकेकाचं नाव घेत फिरतो, तसा तो गावं घेत फिरत होता. कुठल्या तरी नावाला ती दचकेल, पैसे हलवेल, काहीतरी करेल, याची तो वाट पाहत असावा. दर आठवड्याला मी नवा आकडा वाचायचे आणि मनात यायचं, हाच बरोबर असेल तर? बरोबर ठरला तरी त्याला कळणार नाही, आणि मलाही नाही. तो कुठेतरी बसून त्याच पत्त्याकडे बघत असायचा आणि मी इथे. तो पत्ता इतक्या नियमाने उघडणारी जगात आम्ही दोनच माणसं असू. हे लक्षात आलं त्या दिवशी मी तो उघडणं बंद केलं. निदान दोन आठवडे.

त्या दोन आठवड्यांतच रिसेप्शनवरच्या मुलीने माझ्याकडे फोन जोडून दिला. कुणीतरी मराठीत बोलतंय, म्हणाली. रविवार नव्हता, गुरुवार होता, दुपारचे बारा.

"नमस्कार," एक म्हातारा, मऊ आवाज म्हणाला. "मी नागपूरहून बोलते. माझी मुलगी तुमच्याकडे कामाला होती म्हणतात."

'म्हणतात' हा शब्द मला खटकला. मुलीने आईला कंपनीचं नाव कधीच सांगितलं नव्हतं. आवाजामागे पोकळ घुमणं होतं, फोन स्पीकरवर टाकला की येतं तसं.

"होती," मी म्हणाले.

मध्ये थोडा वेळ गेला. पंख्याची घरघर ऐकू येत होती.

"कुठे गेली, काही बोलली का तुमच्यापाशी?"

"नाही, आई."

पुन्हा तेवढीच फट. प्रश्न आधी दुसऱ्या कुणाला तरी सुचायचा आणि मग तिच्या तोंडून यायचा.

"कोणत्या गावाचं नाव घेत होती?"

"कुठल्याच नाही."

"तुमची तर मैत्रीण होती म्हणतात."

"होती. म्हणूनच मला सांगितलं नाही तिने."

या वेळी फट लांबली. कागदावर पेन चालल्यासारखा काहीतरी आवाज आला, किंवा मला तो आला असं वाटलं. मी रिसीव्हर कानाला घट्ट दाबून उभी होते. काचेपलीकडे संस्थापक कुणाला तरी हौदाचं चित्र काढून दाखवत होते.

मग तिने विचारलं, आणि या प्रश्नाच्या आधी जराही थांबली नाही. "खरंच माहीत नाही तुम्हाला?"

"खरंच नाही."

"बरं झालं हो, बाई," ती भरभर म्हणाली. "लई बरं झालं."

आणि फोन बंद झाला. तिने ठेवला की कुणी तिच्या हातातून घेतला, ते मला कळलं नाही.